ठेकेदाराच्या रोखीचा अंदाज: एक्सेल, एमएस प्रोजेक्ट आणि टॅली प्राइम, कुणाकडून काय घ्यावं

सरकारी इमारतीचं १२ कोटींचं काम. मुदत १२ महिने, जीएसटी वेगळा. मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स १० टक्के (काम उभं करायला आगाऊ मिळणारी रक्कम), प्रत्येक बिलातून सुरक्षा ठेव ५ टक्के. दर महिन्याला १ कोटीचं काम होतं आणि त्यावर ९० लाख खर्च होतो. या नमुना कामावर ठेकेदारांच्या कार्यालयात हमखास सापडणारी तीन सॉफ्टवेअरं इथे तपासली आहेत. प्रश्न एकच: पुढच्या वर्षभरात बँकेतली रक्कम कुठल्या महिन्यात तळाला जाईल आणि किती खोल जाईल, हे कोण आधी सांगतं? ‘रोखप्रवाह अहवाल’ असं नाव दिलेला पर्याय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतो. त्या नावावर विसंबून बँकेत कर्जाची मर्यादा मागायला जाऊ नये.

आधी नमुना कामाचा हिशोब मांडू, कारण साधनाची परीक्षा त्यावरच होणार आहे.

१ कोटीचं चालू बिल, म्हणजे आरए बिल. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १ कोटी १८ लाख. यातून सुरक्षा ठेव ५ लाख, प्राप्तिकराचा टीडीएस २ लाख (ठेकेदार व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १ लाख), जीएसटीचा टीडीएस २ लाख, बांधकाम कामगार कल्याण उपकर १ लाख कापला जातो. अ‍ॅडव्हान्सची वसुली १० टक्के काम झाल्यावर सुरू होऊन ८० टक्क्यांना संपायची असेल, तर १.२० कोटी रुपये ८.४० कोटींच्या कामातून वसूल होतात, म्हणजे प्रत्येक कोटीमागे १४.२९ लाख. सगळी कपात २४.२९ लाख झाली आणि बँकेत आले ९३.७१ लाख. यातले १८ लाख जीएसटीचे. ते काही पुरवठादारांना करापोटी आधीच दिलेले असतात, उरलेले सरकारकडे भरायचे असतात. जीएसटीचा कापलेला टीडीएस मात्र पोर्टलवर स्वीकारला की रोख खातेवहीत जमा होतो आणि कर भरताना वापरता येतो, म्हणून ते २ लाख परत मिळवायचे. काम चालवायला हाती उरले ७७.७१ लाख. खर्च ९० लाख.

म्हणजे बिलं अगदी वेळेवर निघाली तरी मधल्या सात महिन्यांत हे काम दर महिन्याला १२.२९ लाखांनी खात राहतं. सुरुवातीला मिळालेल्या अ‍ॅडव्हान्समुळे ते जाणवत नाही, आणि जाणवतं तेव्हा काम निम्म्याच्या आसपास आलेलं असतं. उपकर खर्चात धरून या कामाचा कागदावरचा नफा १.०८ कोटी आहे. ‘नफा आहे, मग पैसे कुठे गेले?’ या प्रश्नाचं उत्तर सुरक्षा ठेवीत, टीडीएसमध्ये आणि वाटेत अडकलेल्या बिलांत असतं.

आता यात उशीर मिळवू. व्याज आणि जीएसटी भरण्याचा मागचापुढचा काळ बाजूला ठेवून हेच काम चालवलं, तर बिल पुढच्या महिन्याच्या अखेरीस मिळाल्यास सर्वांत मोठी तूट सुमारे ७० लाख येते, ११व्या महिन्यात. दोन महिन्यांनी बिल मिळालं तर तूट १.६० कोटी, तीन महिन्यांनी २.४३ कोटी, चार महिन्यांनी ३.२१ कोटी. कामाचा दर तोच, खर्च तोच, नफा तोच. फक्त बिलाला लागणारा काळ बदलला आणि भांडवलाची गरज साडेचार पट झाली.

तुलनेला सळई घ्या. महिन्याला १८ लाखांची सळई लागते असं धरलं आणि भाव पहिल्या दिवसापासून १० टक्क्यांनी चढला, तर बारा महिन्यांत २१.६० लाख जादा जातात. हे नुकसान कायमचं असतं, नफ्यातून जातं. पण रोखीच्या तळावर त्याचा परिणाम बिलाच्या एका महिन्याच्या उशिराच्या चौथ्या हिश्शाएवढाच आहे. २०२२च्या वसंतात सळईचे भाव कडाडले, मे महिन्यात केंद्राने पोलादावर निर्यात शुल्क लावलं आणि नोव्हेंबरमध्ये काढलं, तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष भावावर खिळलं आहे. ते रास्तच आहे. तरीही काम बंद पाडणारी जोखीम आधी बिलाच्या वाटेवर शोधायला हवी. म्हणून इथली मुख्य कसोटी अशी ठेवली आहे: हे साधन बिलाच्या उशिराचे तुकडे करू देतं का?

एक्सेल

या कामासाठी आजही सर्वांत उपयोगी साधन हेच. कारण साधं आहे: ते स्वतःहून काहीच गृहीत धरत नाही. प्रत्येक गृहीतक आपल्याला लिहावं लागतं, त्यामुळे ते डोळ्यांसमोर राहतं.

मांडणी पाच पानांची ठेवावी. पहिल्या पानावर फक्त गृहीतकं: कपातींचे टक्के, उशिराचे दिवस, भाववाढ, उधारीचे दिवस. दुसऱ्यावर महिनावार काम, तिसऱ्यावर बिलं, चौथ्यावर खर्च, पाचव्यावर रोख. गृहीतकाचा आकडा दुसऱ्या कुठल्याही पानावर हाताने टाइप करायचा नाही. हा नियम मोडला की दोन महिन्यांत फाइल निकामी होते: कुणीतरी घाईत एका बिलासमोर ‘४५’ लिहितं, आणि पहिल्या पानावरचा आकडा बदलला तरी ते बिल जागचं हलत नाही.

बिलाच्या पानावर प्रत्येक बिलाला एक ओळ, आणि त्या ओळीत टप्प्यांचे वेगळे रकाने. सार्वजनिक बांधकामाच्या कामात ते साधारण असे पडतात: मोजमाप होऊन मापवहीत नोंद, शाखा अभियंत्याकडून उपविभागात, तिथली तपासणी, विभागीय कार्यालयात कार्यकारी अभियंत्याची मंजुरी आणि लेखा शाखेची छाननी, बीम्स या राज्य सरकारच्या निधीवाटपाच्या प्रणालीवर निधी आहे की नाही, आणि शेवटी खात्यात जमा. ‘बिलाला ६० दिवस’ असा एकच आकडा लिहिला, तर उशीर झाल्यावर कारण कळत नाही. टप्पे वेगळे असले की मोजमापाला १२ दिवस गेले की निधीसाठी ५० दिवस थांबावं लागलं, हे दिसतं. पहिल्यावर ठेकेदार स्वतः काही करू शकतो. साइटवर एक बिलिंग इंजिनिअर नेमला, मोजमापाची पत्रकं रोज भरली, स्लॅब ओतण्याआधी सळईचं मोजमाप सही करून घेतलं, की ते १२ दिवस ४ होतात. निधीच्या रांगेवर त्याचा काही इलाज नाही, तिथे फक्त पैशाची सोय करून ठेवता येते. दोन जोखमी वेगळ्या आहेत, म्हणून रकानेही वेगळे हवेत.

चाचणी अहवालासाठी वेगळा रकाना हवाच. काँक्रीटच्या ठोकळ्यांचा २८ दिवसांचा अहवाल आल्याशिवाय त्या बाबीची पूर्ण रक्कम सोडत नाहीत अशी अट किंवा प्रथा असेल, तर १० तारखेला ओतलेला स्लॅब महिनाअखेरच्या बिलात पूर्ण धरून चालत नाही. अहवाल पुढच्या महिन्याच्या ७-८ तारखेच्या आधी येणारच नाही. स्लॅब महिन्याच्या सुरुवातीला ओतायचा की विसाव्या दिवशी, यावर लाखो रुपये एका बिलातून दुसऱ्यात सरकतात. हे नियोजन करणाऱ्या इंजिनिअरला माहीत असतं, हिशोब बघणाऱ्याला नसतं, आणि फाइल बहुधा हिशोबवाल्याकडे असते.

इथे एक्सेलची एक खोड सांगायला हवी. बिलाचा महिना काढायला ईडेट किंवा ईओमंथ फंक्शन वापरतात. महिन्यांच्या जागी दीड लिहिलं तर ही फंक्शनं अपूर्णांक सोडून देतात आणि एकच महिना पुढे जातात. ४५ दिवसांचा उशीर म्हणून टाकलेला आकडा ३० दिवसांसारखा वागतो, कुठलीही चूक दाखवली जात नाही, आणि अंदाज गोड दिसतो. उपाय सोपा आहे: उशीर दिवसांतच ठेवावा, तारखेत दिवस मिळवावेत आणि मग ईओमंथला शून्य देऊन महिनाअखेर काढावी. रोखीच्या पानावर समइफ्सने त्या महिनाअखेरीची बेरीज घ्यावी.

खर्चाच्या पानावर पैसे देण्याच्या रीतीनुसार गट करावेत. सळई बहुतेकदा रोखीने किंवा आठवड्याभराच्या उधारीवर, सिमेंट विक्रेत्याच्या ओळखीवर, तयार काँक्रीटवाला ठरलेली मर्यादा भरली की गाडी थांबवतो. मजुरी आठवड्याच्या बाजाराला द्यावीच लागते. मुकादमाची उचल हा अंदाजात सर्वांत जास्त विसरला जाणारा आकडा आहे: ती दिवाळीनंतर टोळी आणताना एकरकमी जाते आणि नंतर कामातून थोडी थोडी वळती होते. ती खर्च म्हणून दाखवली तर नफा चुकतो, आणि दाखवलीच नाही तर रोख चुकते. शटरिंगची अनामत, बँक गॅरंटीसाठी अडकलेली मुदत ठेव, मशिनरी आणण्या-नेण्याचं भाडं यांनाही स्वतंत्र ओळी हव्यात.

उधारी ताणून तूट भरून काढायची सवय असेल, तर एक मर्यादा पानावर लिहून ठेवावी. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर एमएसएमई कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३-२४पासून वर्षअखेरीला ही मुदत उलटून थकलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात प्राप्तिकरासाठी धरली जात नाही. मार्चमध्ये उधारी ताणली की कराचा बोजा वाढतो. नुसत्या व्यापाऱ्याला ही तरतूद लागू नाही, म्हणून पुरवठादारांच्या यादीत त्यांचा प्रकार लिहिलेला असावा.

जीएसटीसाठी दोन तारखा पानावर कायम हव्यात. टॅक्स इन्व्हॉइस ज्या महिन्यात निघालं त्याचा कर मासिक विवरण भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो, बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणून बिल मंजूर व्हायच्या किती आधी इन्व्हॉइस काढायचं, हे करारातील देयकाची अट पाहून कर सल्लागाराबरोबर ठरवावं. दुसरी तारीख १४. त्या दिवशी जीएसटीआर-२बी, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराचं किती क्रेडिट मिळेल ते दाखवणारं पत्रक, तयार होतं. पुरवठादाराने ११ तारखेपर्यंत आपलं विवरण भरलं नसेल, तर त्याला दिलेल्या कराचं क्रेडिट त्या महिन्यात मिळत नाही आणि तेवढी रक्कम बँकेतून जाते. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या फाइलींत २८चा आकडा सूत्रात पुरून ठेवलेला असेल तर क्रेडिट फुगलेलं दिसेल, तो शोधून काढावा.

आता एक्सेलचं सर्वांत मोठं बळ: व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिसमधलं डेटा टेबल. आडव्या ओळीत बिलाचा उशीर ३०, ६०, ९०, १२० दिवस, उभ्या रकान्यात सळईची वाढ ०, ५, १०, १५ टक्के, आणि कोपऱ्यात महिनाअखेरच्या शिलकींपैकी सर्वांत कमी आकडा. सोळा घरांत सोळा तळ दिसतात. बँकेच्या मर्यादेपेक्षा खोल जाणारी घरं लाल करावीत. बदलायची दोन घरं (सेल) टेबलाच्याच पानावर असावी लागतात, नाहीतर ते चालत नाही, म्हणून टेबल गृहीतकांच्या पानावरच बांधावं. गूगल शीट्समध्ये ही सोय नाही. फाइल सर्वांना एकत्र पाहता यावी म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

काहीजण याच्या पुढे जाऊन यादृच्छिक आकड्यांनी हजार वेळा अंदाज चालवतात. पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक चूक वारंवार आढळते: प्रत्येक बिलाच्या उशिरासाठी रँड फंक्शनने वेगळा आकडा काढला जातो. मग एक बिल लवकर, दुसरं उशिरा असं होऊन सरासरीत जोखीम विरघळते आणि तळ उथळ दिसतो. प्रत्यक्षात निधी नसला की त्या सरकारी खात्याची सगळी बिलं एकत्र थांबतात. महाराष्ट्रात २०२५मध्ये थकीत देयकांसाठी ठेकेदारांना राज्यभर आंदोलन करावं लागलं, ते एखाद्या सुट्या बिलासाठी नव्हतं. म्हणून प्रत्येक खात्यासाठी एकच यादृच्छिक आकडा काढावा आणि त्या खात्याच्या सगळ्या कामांच्या सगळ्या बिलांना तोच लावावा. मोजमापाच्या उशिरासाठी मात्र साइटगणिक वेगळा आकडा चालतो.

अशीच दुसरी जोडलेली जोखीम कॅश क्रेडिटची, म्हणजे माल आणि येण्यांच्या तारणावर मिळणाऱ्या बँकेच्या चालू कर्जाची. बहुतेक बँका ९० दिवसांहून जुनी येणी उचल-मर्यादा काढताना धरत नाहीत. बिल ९१व्या दिवसात गेलं की पैसे तर आलेले नसतातच, वर मर्यादाही घटते. मार्जिन (येण्यांतला जो हिस्सा बँक कर्जासाठी धरत नाही तो) २५ टक्के असेल तर ८० लाखांच्या एका जुन्या बिलाने ६० लाखांची उचल बँकेला दिलेल्या एका स्टॉक स्टेटमेंटमध्ये (माल आणि येण्यांच्या विवरणात) नाहीशी होते. एक्सेलमध्ये मर्यादा हा स्थिर आकडा न ठेवता येण्यांच्या वयावरून काढणारी ओळ बनवावी लागते. काम किचकट आहे, तरी करावंच. मर्यादा दोन कोटींची ‘आहे’ असं समजून नवं काम घेतलेला ठेकेदार याच ओळीत सापडतो.

उणेपण: फाइल माणसावर अवलंबून राहते. सूत्रावर चुकून टाइप झालेला आकडा दिसत नाही, म्हणून गृहीतकांचं पान सोडून बाकी पानं कुलूपबंद ठेवावीत आणि एक तपासणीची ओळ असावी: करारमूल्यातून सगळ्या बिलांची बेरीज वजा केल्यावर शून्य यायला हवं, अ‍ॅडव्हान्समधून वसुलीची बेरीज वजा केल्यावरही शून्यच. नमुना कामात दुसऱ्या बिलातून ११.४३ लाख, तिसऱ्या ते नवव्या बिलापर्यंत प्रत्येकी १४.२९ लाख आणि दहाव्यातून ८.५७ लाख वसूल झाले की १.२० कोटी पूर्ण होतात. टक्केवारी सरसकट बारा बिलांना लावलेली फाइल इथे पकडली जाते.

एमएस प्रोजेक्ट

वेळापत्रकाच्या या सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट टॅबवर कॉस्ट्समध्ये ‘कॅश फ्लो’ नावाचा तयार अहवाल आहे. आलेख देखणा निघतो, सल्लागारांच्या सादरीकरणांत तो जागोजागी दिसतो. पण त्यात दिसते ती रोख नसते. काम ज्या दिवशी होतं त्या दिवशी खर्च पडला, असं हे सॉफ्टवेअर मानतं. पैसे कधी दिले हे त्याला ठाऊक नाही, आणि येणाऱ्या पैशाची तर त्यात संकल्पनाच नाही. नमुना कामाच्या परीक्षेत म्हणून ते एकट्याने नापास होतं.

तरीही त्याला फाइलीबाहेर काढू नये. महिनावार काम किती होईल, हा एक्सेलच्या दुसऱ्या पानावरचा आकडा कुठून येणार? बहुतेक फाइलींत तो करारमूल्याला बाराने भागून आलेला असतो. खऱ्या कामाची चढण इंग्रजी एस अक्षरासारखी असते: सुरुवातीला खोदकाम आणि पायाच्या कामात हळू, मध्ये वेगात, शेवटी फिनिशिंगला पुन्हा हळू. ती चढण वेळापत्रकातूनच यावी.

दोन सोयी खास बांधकामाच्या उपयोगाच्या. पहिली कॅलेंडर. जून ते सप्टेंबरमध्ये खोदकाम, डांबरीकरण, बाहेरचं प्लास्टर यांच्यासाठी वेगळं पावसाळी कॅलेंडर करून त्या कामांना जोडता येतं, आतल्या कामांना साधं कॅलेंडर ठेवता येतं. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या कामाला एकच पावसाळा लावू नये. काम थांबलं तरी साइट इंजिनिअरचा पगार, वॉचमन, क्रेनचं भाडं चालूच राहतं, हे कॅलेंडर बदलल्यावर लगेच दिसतं. नमुना कामात साइटचा स्थिर खर्च महिना १० लाख धरला आणि पावसाने मुदत दोन महिने लांबली, तर २० लाख वाढले. दुसरी सोय दरांची: प्रत्येक संसाधनाला पाच दरतक्ते आणि प्रत्येक तक्त्यात तारखेनुसार २५ दर भरता येतात. ऑक्टोबरपासून सळई महाग होईल असं वाटत असेल तर त्या तारखेचा दर टाकावा, वेळापत्रक सरकलं की जास्त सळई महाग दरात आपोआप जाते. एक्सेलमध्ये हे हाताने जमवणं अवघड आहे.

खरेदीचा काळ दाखवायला मात्र युक्ती लागते. सळई काम सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी घेतली जाते, पण सॉफ्टवेअर तिचा खर्च कामाच्या दिवसांवर पसरवतं. म्हणून ‘सळई खरेदी’ हे शून्य दिवसांचं वेगळं काम करून त्यावर स्थिर खर्च टाकावा आणि ते बांधणीच्या कामाच्या सुरुवातीच्या २१ दिवस आधी येईल असं जोडावं. मोठ्या वीसेक खरेद्यांना एवढं पुरे, प्रत्येक बाबीला हे करायला बसलं की वेळापत्रक हाताळण्यापलीकडे जातं. शेवटी टास्क युसेजमधून महिनावार आकडे एक्सेलमध्ये न्यावेत. मूळ बेसलाइनसह ११ बेसलाइन (वेळापत्रकाच्या जपून ठेवलेल्या प्रती) साठवता येतात. दर तिमाहीला एक नवी ठेवली, तर काम नेमकं कुठे सरकत गेलं ते नंतर सांगता येतं.

प्रायमाव्हेरा या मोठ्या प्रकल्पांच्या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरची तीच गत, फक्त हत्यार मोठं. शंभर कोटींखालच्या इमारतीच्या कामात केवळ रोखीच्या अंदाजासाठी ते घेण्याची गरज नाही.

टॅली प्राइम

टॅली मागचं सांगते, आणि पुढच्या अंदाजाला लागणारं सर्वांत मोलाचं गृहीतक तिच्यातच दडलेलं असतं: कुठल्या खात्याने मागची बिलं खरोखर किती दिवसांनी दिली. बिलवाइज नोंदी नीट असतील तर आउटस्टँडिंग्जमधून येण्यांचा तक्ता आणि जमेच्या तारखा ऑल्ट-ईने एक्सेलमध्ये काढाव्यात. शेवटच्या दहा-बारा बिलांचा उशीर खात्यानुसार लावावा, आणि अंदाजात सरासरी न घेता वाईटाकडून दुसरा किंवा तिसरा आकडा घ्यावा. दहापैकी आठ बिलं ४० दिवसांत आणि दोन १५० दिवसांत आली असतील, तर सरासरी ६२ येते. प्रत्यक्षात ६२ दिवसांनी एकही बिल आलेलं नसतं.

टॅलीत बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. आरए बिलाची पूर्ण रक्कम सरकारी खात्याच्या नावे टाकली जाते आणि कापलेली सुरक्षा ठेव तिथेच थकबाकी म्हणून लोंबकळत राहते. दोष दायित्व कालावधी (काम संपल्यावर निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करायची मुदत) संपेपर्यंत न येणारे हे पैसे येण्यांच्या वयाच्या तक्त्यात ‘१८० दिवसांहून जुने’ म्हणून दिसतात आणि बँकेपुढे विनाकारण वाईट चित्र उभं राहतं. ‘सुरक्षा ठेव येणे’ असं प्रत्येक कामाचं वेगळं लेजर करावं, प्राप्तिकर टीडीएस आणि जीएसटी टीडीएसलाही वेगवेगळी लेजरं ठेवावीत, आणि प्रत्येक साइटला कॉस्ट सेंटर द्यावं. नमुना कामात शेवटी ६० लाख सुरक्षा ठेवीत आणि २४ लाख प्राप्तिकराच्या टीडीएसमध्ये असतात. मुदत संपल्यावर ठेव परत मागण्याचा अर्ज आपल्यालाच करावा लागतो, आणि लेजर वेगळं नसेल तर तो राहून जातो.

पुढे काय होईल यासाठी पोस्ट-डेटेड व्हाउचर (पुढच्या तारखेची नोंद) आणि सिनारिओ (तात्पुरत्या नोंदी धरून पाहिलेलं चित्र) या सोयी आहेत. दिलेले पुढच्या तारखांचे चेक दाखवायला पहिली उत्तम. पण काम झालेलं आहे आणि बिल अजून केलेलं नाही, ही रक्कम टॅलीला व्हाउचर होईपर्यंत दिसत नाही, आणि ठेकेदाराचा मोठा पैसा तिथेच असतो. जादा बाबींचंही तसंच. ईआयआरएल (जादा बाबींच्या दरांची यादी) मंजूर व्हायची असते, परिमाण २५ टक्क्यांहून वाढून करारातल्या क्लॉज ३८मध्ये (वाढीव परिमाणाची अट) गेलेलं असतं, काम मात्र पूर्ण झालेलं असतं आणि त्याचे मजूर-सामानाचे पैसे देऊन झालेले असतात. अशा रकमा अंदाजात खर्चाच्या बाजूला पूर्ण आणि जमेच्या बाजूला मंजुरीची तारीख कळेपर्यंत शून्य धराव्यात. भाववाढीच्या बिलालाही हाच नियम: निर्देशांक आधी तात्पुरते येतात, अंतिम नंतर, त्यामुळे भाववाढीची रक्कम मूळ बिलाच्या कित्येक महिने मागे चालते. गौण खनिजाच्या रॉयल्टीच्या पावत्या वेळेत जोडल्या नाहीत तर तेवढी रक्कम बिलातून कापली जाते, म्हणून त्या पावत्यांची फाइल साइटवरून दर आठवड्याला मागवावी.

मालक एखादी मोठी कंपनी किंवा केंद्र सरकारी उपक्रम असेल, तर ट्रेड्सच्या मंचांचा विचार करावा. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या आरएक्सआयएल, इन्व्हॉइसमार्ट, एम१एक्सचेंज यांवर एमएसएमई विक्रेत्याचं बिल बँका सवलतीने विकत घेतात आणि मालकाने पैसे बुडवले तर वसुली विक्रेत्याकडून होत नाही. मात्र मालकाने बिल मंचावर स्वीकारावं लागतं. ज्या बिलाच्या मोजमापावर वाद आहे, ते तिथेही पुढे जात नाही. म्हणून अंदाजात या सोयीने फक्त मंजुरीनंतरचे दिवस कमी करावेत, आधीचे जसेच्या तसे ठेवावेत.

तिन्ही साधनं मिळून वापरायची तर आठवड्याचा क्रम असा बसतो. शनिवारी साइटकडून झालेल्या कामाची परिमाणं आणि प्रत्येक बिल कुठल्या टेबलावर आहे ते घ्यावं. सोमवारी टॅलीतली बँक शिल्लक आणि देणी एक्सेलमध्ये आणून पुढचे १३ आठवडे आठवड्यानुसार आणि त्यापुढचे महिने महिन्यानुसार पाहावेत. मागच्या सोमवारचा अंदाज पुसू नये, शेजारच्या रकान्यात ठेवावा. महिन्यातून एकदा वेळापत्रक सुधारून कामाची चढण बदलावी. आणि जानेवारीपासून एक ओळ जास्त बघावी: मार्चअखेरीस निधी आला तर कुठली बिलं मापवहीत नोंदून तयार असतील. एप्रिल-मेमध्ये नव्या वर्षाचा निधी वितरित होईपर्यंत बहुतेक सरकारी कामांवर पैसा क्वचितच येतो आणि लगेच जूनमध्ये पाऊस लागतो, त्यामुळे फेब्रुवारीत न मोजलेल्या कामाचे पैसे अंदाजात जुलैच्या आधी धरू नयेत.